मागे वाजत राहणारं संगीत

रात्रीचे दोन वाजले आहेत. अमेरिकेतल्या एखाद्या मध्यम आकाराच्या शहरातलं एफएम रेडिओ केंद्र. काळ १९७० च्या दशकाचा. इमारतीत बहुधा कुणीच नाही. आतल्या खोलीत माणसाच्या उंचीच्या लोखंडी मांडणीत टेपची मोठाली यंत्रं बसवलेली आहेत आणि त्यांतली एक चकती संथपणे फिरते आहे. तीस-चाळीस व्हायोलिनांनी मिळून वाजवलेली एक ओळखीची धून संपत येते. ती विरता विरता फितीवर नोंदवून ठेवलेला २५ हर्ट्झचा एक खोल सूर यंत्रापर्यंत पोचतो. तो इतका खालचा असतो की श्रोत्याला त्याचा पत्ताही लागत नाही. यंत्राला मात्र तेवढी खूण पुरते. ही चकती थांबते, शेजारची फिरू लागते. क्षणभर शांतता, आणि मग पुढची धून.

त्याच वेळी शहरात रात्रपाळीची एखादी परिचारिका, तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन जागी बसलेली आई, झोप न येणारे एखादे आजोबा अशा कितीतरी जणांच्या खोलीत ही धून हलक्या आवाजात वाजत असते. कुणी ती कान देऊन ऐकत नाही. पण ती बंद पडली तर सगळ्यांच्या लगेच लक्षात येईल.

अशा केंद्रांना अमेरिकेत ‘ब्यूटिफुल म्युझिक’ केंद्रं म्हणत. त्यांवर वाजणाऱ्या संगीताला ‘ईझी लिसनिंग’ असंही नाव होतं. मराठी माणसाला ‘सुगम संगीत’ हा शब्द आकाशवाणीमुळे पाठ आहे. शब्दशः पाहिलं तर दोन्हींचा अर्थ एकच: ऐकायला सोपं. पण आपलं सुगम संगीत कवीच्या शब्दांवर उभं आहे आणि तिकडच्या केंद्रांनी शब्द जवळजवळ काढूनच टाकले होते. लोकप्रिय गाण्याची चाल घ्यायची, गायकाच्या जागी व्हायोलिनं, बासरी, पियानो आणायचा, ताल मऊ करायचा आणि एकामागून एक अशा धुनी निवेदकाच्या फारशा बडबडीविना वाजवत राहायच्या. दर तासाला मोजक्या जाहिराती, त्याही हळू आवाजातल्या. साधारण १९६० ते १९८५ या पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत असं निदान एक केंद्र होतं, आणि कित्येक ठिकाणी ते श्रोतृसंख्येत अगदी वरच्या क्रमांकावर होतं. आज ती जवळपास सगळी गेली आहेत. ज्यांच्या घरात ती वाजत असत त्या घरांतली मुलं आता साठीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्या आठवणीत ही केंद्रं अजून वाजत असतात.

रिकाम्या लहरी

या केंद्रांच्या जन्मामागे संगीताइतकीच एका तंत्राची आणि एका सरकारी नियमाची कहाणी आहे. एफएम प्रक्षेपणाचा शोध लावणारा एडविन आर्मस्ट्राँग याला १९३३ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. खरखर नसलेला, स्वच्छ आवाज देणारी ही पद्धत होती. पण बड्या कंपन्यांशी वर्षानुवर्षं न्यायालयात झगडून तो खचला आणि जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराच्या खिडकीतून उडी मारून त्याने आयुष्य संपवलं. त्याच्या पत्नीने ते दावे पुढे चालवले आणि शेवटी ते जिंकले. आर्मस्ट्राँग गेला तेव्हा एफएमच्या लहरी बहुतांशी ओस होत्या. घरोघरी मध्यम लहरींचे रेडिओ होते, मोटारींतही तेच. एफएमचा परवाना असलेली कंपनी तिथे सहसा आपल्या मध्यम लहरींवरचाच कार्यक्रम पुन्हा लावून देई.

मग दोन गोष्टी घडल्या. १ जून १९६१ पासून अमेरिकेत एफएमवर स्टिरिओ प्रक्षेपण सुरू झालं, म्हणजे डाव्या-उजव्या कर्ण्यांतून वेगवेगळा ध्वनी येऊ लागला. मोठ्या वाद्यवृंदाच्या संगीताला याहून चांगली जागा मिळणं शक्य नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे, एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत एफएम केंद्राने निदान अर्धा वेळ तरी स्वतःचा वेगळा कार्यक्रम द्यायला हवा, असा नियम केंद्रीय दळणवळण आयोगाने १९६४ मध्ये केला आणि १९६७ पर्यंत तो लागू झाला. मालकांसमोर प्रश्न उभा राहिला: एवढे तास भरायचे कशाने? निवेदक, वार्ताहर, नाटकं यांचा खर्च कोण करणार? फितीवर आधीच मुद्रित केलेलं, यंत्राने आपोआप वाजणारं, सगळ्या वयाच्या माणसांना चालणारं संगीत हे त्याचं सर्वात स्वस्त उत्तर होतं. काटकसरीतून निघालेलं हे उत्तर पुढे लाखो लोकांचं प्रेमाचं ठिकाण झालं.

मध्यम लहरींवर मात्र याची सुरुवात आधीच झाली होती. टेक्ससचा गॉर्डन मॅक्लेंडन हा रेडिओतला मोठा कल्पक माणूस. डॅलसच्या त्याच्या केएलआयएफ केंद्राने चाळीस गाण्यांच्या धडाकेबाज रॉक कार्यक्रमांना घाट दिला. १९५९ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे ओकलंडमधलं एक केंद्र घेतलं आणि अगदी उलट दिशा धरली. नाव ठेवलं केएबीएल, कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून धावणाऱ्या केबल कार ही त्या शहराची खूण. धुनींच्या मधल्या जागेत त्या केबल कारची घंटा वाजे. त्याच शहरातल्या केएफओजी या केंद्राची खूण होती खाडीतल्या धुक्यात जहाजांना इशारा देणारा भोंगा. हे केंद्र १९८२ मध्ये रॉककडे वळलं, तरी भोंगा त्याला चिकटून राहिला. शहराचाच एखादा आवाज उचलून संगीताच्या मध्ये ठेवण्याची ही युक्ती श्रोत्यांच्या मनात इतकी रुतली की आज जुन्या आठवणी निघाल्या की लोक आधी घंटेबद्दल बोलतात, मग व्हायोलिनांबद्दल.

पंधरा मिनिटांचं विणकाम

पूर्वेकडे, फिलाडेल्फियात, मे १९६३ मध्ये डब्ल्यूडीव्हीआर हे केंद्र सुरू झालं. त्याचा कार्यक्रम-संचालक होता मार्लिन टेलर. थोड्याच महिन्यांत शहरातल्या एफएम केंद्रांत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६९ मध्ये टेलर न्यूयॉर्कच्या डब्ल्यूआरएफएममध्ये आला आणि तिथेही तीच किमया त्याने करून दाखवली. पुढे त्याने निवडलेलं संगीत फितींवर भरून देशभरातल्या केंद्रांना पाठवलं जाऊ लागलं. रोज कोणती धून कशानंतर वाजावी हे एका शहरात बसून ठरे आणि ते दूरदूरच्या गावांतल्या यंत्रांवर फिरे.

याच धंद्यातला दुसरा मोठा माणूस जिम शुल्की. त्याच्या ‘स्टिरिओ रेडिओ प्रॉडक्शन्स’ या संस्थेने फिल स्टाउट या संगीत-निवडकाराच्या साथीने जे केलं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. शुल्कीचं म्हणणं असं की सुट्या सुट्या सुंदर धुनी एकत्र ठेवल्या म्हणून सुंदर पाव तास तयार होत नाही. एका धुनीचा शेवट कोणत्या सुरावर होतो, पुढची कोणत्या सुरावर उघडते, वेग किती, वाद्यांचा रंग कोणता, मन वर जातं की खाली उतरतं, हे सगळं जुळलं पाहिजे. म्हणून त्याची संस्था गाणी सुटी न देता पंधरा-पंधरा मिनिटांचे तयार तुकडे देई. बहुतेक वाद्यसंगीत, मध्येच एखादं समूहगान किंवा मऊ गायन. सकाळचे तुकडे जरा उजळ, दुपारचे मध्यम, रात्रीचे संथ. ग्राहक केंद्राने त्या क्रमात ढवळाढवळ करायची नाही, जाहिराती ठरलेल्या मर्यादेबाहेर वाढवायच्या नाहीत आणि प्रक्षेपणाचा दर्जा घसरू द्यायचा नाही, याबाबत तो अतिशय काटेकोर होता.

पाव तासच का? त्याचं एक कारण व्यवहाराचं आहे. अमेरिकेत रेडिओची श्रोतृसंख्या मोजण्यासाठी निवडक घरांना वह्या दिल्या जात आणि हिशोब पाव तासाच्या घरांत होई. पाव तासातली पाच मिनिटं ऐकलं की तो पाव तास त्या केंद्राच्या खात्यात जमा. रॉक केंद्रांवर माणसं येत-जात राहत. ब्यूटिफुल म्युझिक केंद्राचा श्रोता सकाळी एकदा बटण फिरवे आणि रात्री झोपताना बंद करे. दंतवैद्याचा दवाखाना, शिंप्याचं दुकान, बँकेतला प्रतीक्षाकक्ष, स्वयंपाकघर, सगळीकडे तेच. म्हणून कमी गाजावाजा असूनही ही केंद्रं आकड्यांत सगळ्यांना मागे टाकत.

इथे एक गफलत दूर करायला हवी. या संगीताला हिणवण्यासाठी ‘लिफ्टमधलं संगीत’ म्हणायची पद्धत पडली. लिफ्टमधलं, कारखान्यातलं, दुकानातलं संगीत पुरवणारी म्युझॅक ही कंपनी निराळी. ‘म्युझिक’ आणि ‘कोडॅक’ हे शब्द जोडून १९३४ मध्ये तिचं नाव घडलं होतं. तिचं संगीत तारेतून, वर्गणीदारांच्या इमारतीत येई आणि कामगारांचा उत्साह टिकवण्यासाठी मोजूनमापून रचलेलं असे. ते मालकाने लावलेलं असे. रेडिओवरचं संगीत माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने लावत होता. वाद्यं तीच, कधी कधी धुनीही त्याच, पण हा फरक फार मोठा आहे, आणि ज्यांना या केंद्रांची आठवण येते ते लिफ्टचं नाव काढताच का दुखावतात ते त्यातून कळतं.

व्हायोलिनांचा धबधबा

या केंद्रांवर सर्वात जास्त वाजलेल्या नावांत मांतोवानी हे नाव येतं. ॲनुन्झिओ पाओलो मांतोवानीचा जन्म १९०५ मध्ये व्हेनिसला झाला, तो वाढला इंग्लंडमध्ये. १९५१ मध्ये त्याने ‘शार्मेन’ ही जुनी चाल नव्या रूपात मुद्रित केली आणि एका रात्रीत त्याचा वाद्यवृंद जगभर ओळखला जाऊ लागला. त्या नव्या रूपामागे होता त्याचा संगीत-संयोजक रॉनल्ड बिंज. बिंजने व्हायोलिनवादकांचे गट पाडले. चालीचा पहिला सूर एका गटाने वाजवून धरून ठेवायचा, तो विरायच्या आत दुसऱ्या गटाने दुसरा सूर घ्यायचा, मग तिसऱ्याने तिसरा. सूर एकमेकांवर सांडत जातात आणि उंच घुमटाखालच्या प्रार्थनामंदिरात वाजवल्यासारखा भास होतो. हा प्रतिध्वनी कोणत्याही यंत्राचा नव्हता, तो कागदावर स्वरलिपीत लिहून काढलेला होता. याच बिंजची ‘सेलिंग बाय’ ही धून बीबीसीच्या रेडिओ ४ वर रात्रीच्या सागरी हवामानाच्या वार्तापत्राआधी वाजत आली आहे आणि ब्रिटनमधल्या असंख्य लोकांची ती झोपेची धून झाली आहे.

पर्सी फेथची कहाणी वेगळी. टोरंटोत जन्मलेला हा मुलगा पियानोवादक व्हायचा होता. अठराव्या वर्षी बहिणीच्या कपड्यांनी पेट घेतला तेव्हा त्याने हातांनी आग विझवली. हात भाजले, मैफिलीतला पियानो सुटला. तो संयोजनाकडे वळला. १९६० मध्ये ‘अ समर प्लेस’ या चित्रपटातल्या धुनीचं त्याने केलेलं मुद्रण अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि त्याला ग्रॅमी पारितोषिकही मिळालं. फ्रान्सच्या पॉल मोरिआने १९६८ मध्ये ‘लव्ह इज ब्लू’ ही धून अशीच पाच आठवडे अव्वल ठेवली, तीही बीटल्स ऐन भरात असताना. जर्मनीचा बर्ट केम्पफर्ट या प्रकारातला आणखी एक नामवंत. तरुण बीटल्सना हॅम्बर्गमध्ये ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पहिल्यांदा नेणाऱ्यांपैकी तो एक. आणि स्वस्तातल्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध झालेला ‘१०१ स्ट्रिंग्ज’ हा वाद्यवृंद ज्याने उभा केला, त्या डेव्हिड मिलरने काही वर्षं आधी बिल हेलीची रॉक अँड रोलची सुरुवातीची मुद्रणं केली होती. रॉक आणि सुगम यांच्यात श्रोत्यांनी जी भिंत उभी केली, ती बनवणाऱ्यांच्या जगात नव्हती.

लॉरेन्स वेल्कची ‘कलकत्ता’ ही धून १९६१ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. मूळ चाल जर्मन. कलकत्त्याशी तिचा नावापुरताच संबंध. उलट ज्या धुनीचा भारताशी खराखुरा संबंध जडला ती त्याच वर्षीची ‘कम सप्टेंबर’. बॉबी डॅरिनने चित्रपटासाठी बांधलेली ही चाल बिली व्हॉनच्या वाद्यवृंदाने घरोघरी पोचवली आणि महाराष्ट्रातल्या बँडवाल्यांनी ती वरातीत वाजवून वाजवून आपलीच करून टाकली. सांगली-कोल्हापूरकडच्या एखाद्या गावातल्या म्हाताऱ्याने अमेरिकेचं एफएम केंद्र कधी ऐकलं नसेल, पण त्या केंद्रांच्या संगीतातली ही एक चीज त्याच्या कानात नक्की आहे.

शब्द नसलेली गाणी

ओळखीच्या गाण्याचे शब्द काढून टाकले की काय होतं? ऐकणाऱ्याचं मन ते शब्द स्वतःच म्हणू लागतं, पण अगदी मनातल्या मनात, हातातलं काम न सोडता. ब्यूटिफुल म्युझिकची सगळी जादू या अर्ध्या ओळखीत होती. नवी चाल लक्ष मागते, शब्दही लक्ष मागतात. जुनी चाल व्हायोलिनवर आली की ती खोलीत एखाद्या परिचित माणसासारखी बसून राहते. बोलायला लावत नाही, पण आहे.

मराठी घरांनाही हा अनुभव नवा नाही. रेडिओ सिलोनवर ‘साज और आवाज’ नावाचा कार्यक्रम होता, त्यात एकच गाणं एकदा गायकाच्या आवाजात आणि एकदा वाद्यावर ऐकवत. व्हॅन शिप्लेची गिटार, पुण्याच्या इनॉक डॅनियल्सचं ॲकॉर्डियन यांच्यावरच्या सिनेगीतांच्या तबकड्या खपत. आणि प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ तर मराठी रसिकांच्या खास जिव्हाळ्याचं. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सादर होत होतं तेव्हा जोग त्या वाद्यमेळात होते. जोगांच्या वादनाची ख्याती अशी की व्हायोलिनमधून गाण्याचे शब्द ऐकू येतात, गायकाचा श्वास, शब्दावरची थाप, जोडाक्षराचा ठसका सगळं गजातून उतरतं. मांतोवानीची वाट याच्या अगदी विरुद्ध आहे. तो शब्दांच्या कडा पुसून टाकतो, चालीचं धुकं करतो. एकाने वाद्याला गायला शिकवलं, दुसऱ्याने गाण्याला विसावा दिला. दोन्ही कारागिरी मोठ्या तयारीच्या आहेत, आणि ‘नुसतं पार्श्वसंगीत’ म्हणून दुसरीला झटकून टाकणं अन्यायाचं आहे. आपल्याकडे अशा धुनी कार्यक्रमांच्या अधल्यामधल्या जागा भरत, अमेरिकेत त्यांच्यासाठी चोवीस तासांची केंद्रं होती, एवढाच काय तो फरक.

श्रोते होते, पण वय झालं

ही केंद्रं का बंद पडली? लोकांनी ऐकणं सोडलं म्हणून, हे उत्तर सोपं आहे पण पुरतं खरं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाही अनेक शहरांत त्यांचे श्रोते भरपूर होते. अडचण त्यांच्या वयाची होती. जाहिरातदारांना हवे होते २५ ते ५४ या वयोगटातले लोक, कारण ती माणसं नवं घर मांडतात, गाडी घेतात, साबणाचा छाप बदलतात असा त्यांचा हिशोब. ब्यूटिफुल म्युझिकचा श्रोता त्या रेषेच्या पलीकडे चालला होता. पंचावन्न वर्षांच्या माणसाने रोज दहा तास रेडिओ लावला तरी जाहिरातीच्या बाजारात त्याचं ऐकणं शून्यात धरलं जाई. एवढ्या मोठ्या, इतक्या निष्ठावान श्रोतृवर्गाला केवळ वाढदिवसाच्या तारखेवरून वगळणं हा त्या व्यवसायाने केलेला दुष्टपणाच म्हणायला हवा. त्या श्रोत्यांनी केंद्राला काहीही कमी दिलं नव्हतं.

दुसरी अडचण आतली होती. १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी वाद्यवृंदाच्या नव्या तबकड्या काढणं जवळपास थांबवलं. लोकप्रिय गाणी तर रोज नवी येत होती, पण त्यांची व्हायोलिनवरची रूपं कोण करणार? मग फिती पुरवणाऱ्या संस्थांनी स्वतःच्या खर्चाने ब्रिटनमधल्या वाद्यवृंदांकडून खास मुद्रणं करून घेतली. ही मुद्रणं दुकानात कधी विकली गेली नाहीत. ती फक्त रेडिओवर वाजली. ज्यांना एखादी अशी धून आवडली त्यांनी गावातली सगळी दुकानं पालथी घातली तरी ती मिळाली नाही, आणि केंद्र बंद झालं तेव्हा ती धूनही नाहीशी झाली.

मग हळूहळू वाद्यसंगीत कमी होत गेलं, मूळ गायकांची मऊ गाणी वाढली, निवेदक बोलू लागले, आणि एका सकाळी केंद्राचं नावच बदललेलं असे. फिलाडेल्फियाचं डब्ल्यूडीव्हीआर १९८० मध्ये ‘ईझी १०१’ झालं आणि त्याच दशकात व्हायोलिनं सोडून गायकांकडे वळलं. न्यू जर्सीतल्या पॅटर्सनचं डब्ल्यूपीएटी हे या परंपरेतलं फार जुनं घराणं, त्याचा ‘गॅसलाइट रिव्ह्यू’ हा संध्याकाळचा कार्यक्रम १९५० च्या दशकापासून न्यूयॉर्क परिसरात प्रसिद्ध होता. १९९६ मध्ये त्याच्या एफएमवर स्पॅनिश भाषेतलं संगीत सुरू झालं. वस्ती बदलली होती, नव्या वस्तीलाही तिचं संगीत हवं होतं; त्यात गैर काही नाही. पण जुन्या श्रोत्यांना पर्याय म्हणून देण्यासारखं शहरात दुसरं काही उरलं नव्हतं.

पाच वॉटचं केंद्र

बोस्टनमध्ये १९६७ पासून डब्ल्यूजेआयबी नावाचं असं एक केंद्र एफएमवर होतं. तेही शेवटी बदललं आणि ते नाव सुटं झालं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉब बिटनर या माणसाने शेजारच्या केंब्रिजमधलं मध्यम लहरींवरचं एक चिमुकलं केंद्र विकत घेतलं आणि सोडून दिलेलं हे जुनं नाव त्याला दिलं. दिवसा २५० वॉट, रात्री अवघे पाच वॉट एवढीच त्याची ताकद. म्हणजे रात्री देवघरातल्या लहानशा दिव्यापेक्षाही कमी. बिटनरने जाहिराती घेतल्या नाहीत. वर्षाकाठी लागणारा खर्च श्रोत्यांच्या देणग्यांतून भागवला जाई. तो मालक, संगीत निवडणारा, निवेदक, सगळं काही. २०२३ मध्ये त्याचं निधन झालं तेव्हा तीस वर्षांहून अधिक काळ हा संसार चाललेला होता.

टेक्ससमध्ये कॉर्पस क्रिस्टी इथे कॅथलिक धर्मप्रांताने चालवलेलं केएलयूएक्स, ॲरिझोनातल्या प्रेस्कॉट भागातलं केएएचएम अशी थोडीच नावं गेली कित्येक दशकं हा वारसा सांभाळणारी म्हणून सांगितली जातात. मार्लिन टेलर पुढे उपग्रह-रेडिओत गेला. तिथे ‘एस्केप’ नावाच्या वाहिनीवर जुन्या पद्धतीचं ब्यूटिफुल म्युझिक वाजू लागलं, आणि आपल्या गावचं केंद्र हरवलेले लोक तिथे जमले. १९९४ मध्ये जोसेफ लॅन्झा यांनी या सगळ्या संगीताचा इतिहास सांगणारं पुस्तक लिहिलं, तेव्हाच्या तरुणांनी रद्दीच्या भावात मिळणाऱ्या या तबकड्या गोळा करायला सुरुवात केली आणि त्यांतलं कसब पुन्हा ऐकलं जाऊ लागलं.

आता तर अशा धुनी हव्या तेवढ्या, हव्या तेव्हा मिळतात. मोबाइलवर मांतोवानीचं नाव टाकलं की शेकडो मुद्रणं समोर येतात. तरी ज्यांनी ती केंद्रं ऐकली आहेत त्यांचं समाधान त्याने होत नाही. यादी आपण स्वतः करतो, पुढे काय येणार हे ठाऊक असतं. त्या केंद्रांवर दुसऱ्या कुणीतरी, आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसाने, बाहेर अंधार पडत असेल हे ध्यानात घेऊन पुढची धून निवडलेली असे. आणि शहरातली आणखी हजारो घरं तीच धून त्याच क्षणी ऐकत असत.

म्हणूनच बहुधा या लोकांत स्वच्छ मुद्रणांपेक्षा एका वेगळ्या गोष्टीला जास्त मागणी असते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी घरच्या टेपवर केंद्राचं प्रक्षेपण जसंच्या तसं धरून ठेवलेलं असतं, तासन्‌तासाचं, खरखरीसकट. त्या फिती आता संगणकावर उतरवल्या जातात आणि हौशी मंडळी त्या एकमेकांना पाठवतात. उतरवणारे त्यांतलं काहीच कापत नाहीत. कधीच बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाची जाहिरात तशीच राहते. मग एक खालच्या पट्टीतला, अजिबात घाई नसलेला आवाज किती वाजले ते सांगतो, बाहेर किती अंश तापमान आहे ते सांगतो, रात्री उशिरा पाऊस पडण्याची शक्यता वर्तवतो, आणि व्हायोलिनं पुन्हा सुरू होतात.